कातळावरच्या माणसानं दिलेलं

२६ जुलै, शनिवार
निघायला उशीर. हे दुकानाच्या किल्ल्या पुतण्याकडे देऊन पुन्हा कुलूप ओढून बघायला गेले. पुतण्या म्हणतो, काकू, तंबूत राहायचं वय का तुमचं? म्हटलं, वय झालं म्हणूनच चालले, घरात बसून कोणतं राज्य मिळणार आहे.

सगळा हट्ट गौरीचा. लेक नांदेडला दगडांचं शिकते. बाकीच्या पोरी साडी मागतात, हिनं दगड बघायला बाप, आई आणि गाडी मागितली. नायगावला चहा-भजी. संध्याकाळी नांदेडला तिच्या खोलीवर मुक्काम. तिच्या सामानात हातोडा, नवा तंबू आणि दगड ठेवायच्या कापडी पिशव्या. कपडे दोनच.

२७ जुलै, रविवार
हदगावच्या बाजूला रस्त्यासाठी फोडलेला डोंगर. बारीक पाऊस. गौरी सांगत होती, हा खालचा काळा थर एका लाव्ह्याचा, वरचा दुसऱ्याचा. मधे लाल मातीचा पट्टा, वीतभर. तेवढा काळ म्हणे सगळं निवांत होतं, माती झाली, हिरवं उगवलं, मग पुन्हा आग आली. मी म्हटलं, बाई, मी लातूर जिल्ह्यातली. खालची जमीन स्वस्थ नसते हे मला पुस्तकातून कळायची गरज नाही.

ह्यांनी त्या लाल पट्ट्यावर तळहात ठेवला, काढेचनात. "ऊन लागून राहिलंय," म्हणाले. मी हात लावला. गारढोण. शुगर असेल म्हणून गोळी दिली, बिस्किटं दिली.

दुपार कलल्यावर इस्लापूर, तिथून सहस्रकुंड. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो, ऐकू येण्याआधी छातीत कळतो. सगळीकडे काळा ओला कातळ. महादेवाच्या देवळाच्या अंगाला तंबू ठोकला. पूजा आतच, पाठीला पाठ लावून, आपापलं इष्टलिंग तळहातावर. वाऱ्यानं बॅटरी पडली, विझली. अंधारातच दोघांनी लिंग आपापल्या डबीत ठेवलं. पाणी आत यायला लागलं तसे हे दोऱ्या ताणायला बाहेर पळाले. गार धपाटे, दही, चटणी. खरं सांगू, मजा आली.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
सकाळी ह्यांनी गळ्यातली डबी उघडली. लिंग नाही. डबी नीट मिटलेली, आतलं वस्त्र तसंच, लिंग तेवढं नाही.

अंथरूण झटकलं. गाडी झाडली. गौरीनं दगडांच्या सगळ्या पिशव्या माझ्यासमोर ओतल्या, एकेक दगड बाजूला केला, पिशव्या उलट्या केल्या. नाही. रात्री दोऱ्या ताणताना बाहेर पडलं असणार असं ठरलं. बाहेर म्हणजे कातळ, आणि कातळाच्या फटींत काळे गोटेच गोटे. ज्यावर नजर पडेल तो तेच वाटावा.

पाऊस थांबायचं नाव नाही.

लहानपणी दीक्षेत गळ्यात बांधलेलं. मेल्यावरसुद्धा तेच तळहातावर ठेवून मातीत बसवतात आमच्यात. ते हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. ह्यांच्या घरात ही रीत कडक. मी म्हटलं, उदगीरला जाऊ, मठातले महाराज दुसरं देतील, सोय असते. म्हणाले, "आधी असलेलं शोधू." गोळी? गोळीला पाणी लागतं. पाणी घेणार नाहीत. मी रागावले, बोलू नये ते बोलले. शुगरचा माणूस, उपाशी, पावसात. मला हरवलेल्या लिंगाची नाही, ह्यांची भीती वाटत होती.

दुपारपर्यंत ओठ पांढरे झाले, बोलणं अडखळायला लागलं. मी आणि गौरी देवळाच्या मागे शोधत होतो, वळून बघितलं तर हे नाहीत. हाका मारल्या. धबधब्याच्या आवाजात आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नाही. गौरी रडायला लागली. मला रडूही येईना.

मग खालच्या अंगानं चालत आले. मूठ मिटलेली. "मिळालं."

तंबूत बसून पूजा केली, पाणी प्याले, गोळी घेतली, तीन धपाटे खाल्ले. मी त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. गौरीनं विचारलं, अप्पा, कुठं होतं?

"खालच्या कातळावर एक माणूस बसला होता. त्यानं दिलं."

(तसंच सामान गुंडाळून निघालो. नांदेडला पोचल्यावर लिहिते आहे.)

२९ जुलै, मंगळवार
काल लिहायचं राहिलं. इस्लापूरला चहाला थांबलो तेव्हा हे चहावाल्या बाईला विचारत होते, धबधब्याखाली रुंद कातळावर बसणारा तो कोण. बाईनं कप खाली ठेवला. "तो कातळ परवापासून पाण्याखाली हाय, अण्णा. तिथं कोन बसंल?"

गौरीला खोलीवर सोडून आज उदगीर. घरी आल्यावर मी विचारलं, माणूस कसा होता. म्हाताऱ्यासारखा, म्हणाले. धोतर. कोरडा होता.

एवढ्या पावसात कोरडा?

"हाव."

३ ऑगस्ट, रविवार
घरातलं सगळं दमट. पापड मऊ पडलेत. ह्यांच्या डबीतलं वस्त्र मात्र रोज सकाळी पिळण्याइतकं ओलं. वस्त्र बदलून देते. दुसऱ्या दिवशी तेच. माझं कोरडं असतं. पावसाळा आहे, होतं असं, असं स्वतःला सांगते आणि दोरीवर वाळत घालते.

पूजेला वेळ लावतात आता. दुकानाला उशीर. गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हटलं. काल माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं इचारलं, तुमचंच का हे? मी हाव म्हनलो. बघितलंच न्हाई मी. भूक लई लागली होती."

कधी खोटं वजन न केलेला माणूस. मला त्यांचा इतका कळवळा आला की भाकरी थापता थापता थांबले. म्हटलं, तुमचं नसतं तर हातानं सांगितलं असतं. रोजचा हात आहे.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी गौरीचा फोन. आवाज बारीक. "आई, हदगावच्या दगडांच्या पिशवीत एक लिंग हाय. मी हात लावला न्हाई." मी म्हटलं, तू पिशवी माझ्यासमोर उलटी केली होतीस. म्हणाली, तेच तर.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. पिशवी तशीच बांधून दुपारच्या बसनं घेऊन आली. मांडीवर धरून, म्हणाली, सीटवर ठेवायचा धीर झाला नाही.

ह्यांनी अंघोळ केली, पाट मांडला. पिशवीतलं पाटावर ठेवलं, गळ्यातलं काढून शेजारी ठेवलं. दोन्ही काळी, तुकतुकीत, एका मापाची. एकदा हे तळहातावर, एकदा ते. डोळे मिटून. पुन्हा. गौरी दारात उभी. ती दगडांची शिकलेली, पण हात लावल्याशिवाय तीही काय सांगणार, आणि लावायचा नाही.

किती वेळ गेला. मग म्हणाले, "कळंना."

पन्नास वर्षं रोज हातावर घेतलेलं, आणि कळेना. त्यांचा चेहरा बघवला नाही. ह्यांची आई गेली तेव्हाही असे दिसले नव्हते.

११ ऑगस्ट, सोमवार
कालपासून पुन्हा काही नाही. जे आपलं ते ठरल्याशिवाय घास नाही म्हणतात. महाराजांना फोन लावला. म्हणाले, एका देहाला एकच. आपलं नाही ते वाहत्या पाण्यात सोडून द्या. आपलं कोणतं विचारलं, तर म्हणाले, ज्याचं त्यानं ओळखायचं.

गौरी डॉक्टरांना बोलवू म्हणते. डॉक्टर येऊन काय करणार, सलाईनच्या सुईलाही हे हात देणार नाहीत. मशीनवर शुगर बघितली. आकडा लिहीत नाही.

बाहेर पाऊस धरून आलेला. दुपारीच दिवे लावले.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी मला हाक मारली. आवाज अगदी खाली गेलेला. पाटावर दोन्ही, दोन्हींखालचं वस्त्र आज ओलं. "तू सांग," म्हणाले. "तुझी पाठ माझ्या पाठीला रोज लागते. तू माझ्याइतकी वळखतीस. तू म्हनशील ते."

मी काय ओळखणार? मी कधी त्यांच्या हाताकडे बघितलंच नाही, आपापलं बघायचं असतं. स्वयंपाकघरात भात उतरवून ठेवला होता. गौरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मला फक्त ह्यांचे पांढरे ओठ दिसत होते.

मी बोट दाखवलं. म्हटलं, हे तुमचं.

"नक्की?"

हाव म्हटलं.

त्यांनी ते हातावर घेतलं. पूजा झाली, पाणी घेतलं, भात खाल्ला, पुन्हा मागून घेतला. गौरी आत जाऊन रडली. दुसरं वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यावर ठेवलंय. पाऊस उघडला की सहस्रकुंडाला नेऊन सोडायचं, तिघांनी जायचं, असं जेवतानाच ठरवलं त्यांनी. बोलण्यात हुशारी आली होती.

हात धुऊन आले, माझ्याजवळ बसले. म्हणाले, "माझ्या माघारी हेच ठेव हातावर. कुनी काही म्हनू दे, बदलू नको." मी हो म्हटलं. तेव्हापासून झोपलेत, श्वास शांत आहे. बोट केलं तेव्हा पाटाकडे बघितलंच नव्हतं मी.