वाजलं की द्यायचं

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुत्रा राहिला बाजूला, मीच नापास झाले. तेही पहिल्याच वर्गात!

भोपूला म्हटलं, बस. तो उभा. पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून. तो उभाच, वर शेपूट हलवतोय. मग मी त्याचं बूड धरून खाली दाबलं. शिकवणारी मुलगी वयानं माझ्या निम्मी असेल, पण दरारा काय! सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, दाबायचं नाही. तो स्वतःहून बसेपर्यंत थांबायचं. बसला रे बसला की टिक्, आणि लगेच खाऊ."

टिक् म्हणजे क्लिकर. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी, अंगठ्यानं दाबली की वाजते. ती वाजली त्या क्षणी कुत्रा जे करत असेल, ते तो पुन्हा करणार. म्हणून अंगठा सांभाळायचा. आणि वाजलं की द्यायचं. चुकून वाजलं तरी द्यायचं. "तुम्ही शब्द दिलाय ना त्याला," असं ती म्हणाली.

मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो आणि तोंडात एकच वाक्य — "काही होत नाही, पुन्हा चावी फिरवा." चौकात गाडी बंद पडली, मागे भोंगे वाजायला लागले, तरी मी चिडत नाही. आणि आज कुत्र्याचं बूड दाबलं. घरी येईपर्यंत लाज वाटत होती.

पण शिकवणं भाग आहे. सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आमच्याकडे आल्यात आणि भोपू त्यांच्या वॉकरच्या पायांत घुसतो. नवरा म्हणाला, "आई पडली तर? मग तिला ताईकडेच ठेवावं लागेल." ताई म्हणजे माझी नणंद. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकदा वर गेल्या की सासूबाई परत खाली उतरायच्या नाहीत. हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बसला! स्वतःहून. मी नुसती भिंतीला टेकून उभी होते. टिक्. कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा. मग दर मिनिटाला येऊन समोर बसायला लागला, जणू मलाच शिकवतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

भोपूला बस येतं, ये येतं. थांब अजून कच्चं आहे. वॉकर दिसला की बाजूला होतो, हे मात्र पक्कं झालं. नवरा खूश.

सासूबाईंचं काय लिहू? मला वाकडं बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. त्या फक्त च्यक् करतात. जीभ टाळूला लावून, छोटंसं, कोरडं. सकाळी पडदे उघडले, च्यक्. चहाचा कप त्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला, च्यक्. कामावरून आले, त्यांनी दार उघडलं, मी आत पाय टाकते न टाकते तोच च्यक्. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझे कान तिच्यावरच असतात." असतील. कोणाचे नसतील?

चहा काय वाईट होता आजचा?

११ फेब्रुवारी, बुधवार

आज हसू की रडू कळेना.

सासूबाई खुर्चीतून उठत होत्या. मी चादर बदलत होते. च्यक्. भोपू दुसऱ्या खोलीतून धावत आला आणि त्यांच्यासमोर तोंड वर करून बसला. त्या म्हणाल्या, "काय रे? काय पाहिजे?" तो वाट बघत बसला. मग एकदा भुंकला. मग जोरात, लागोपाठ. नाव उगाच नाही ठेवलेलं भोपू! सासूबाई दचकून परत खुर्चीत बसल्या.

मला तेव्हाच कळलं. त्यांचं च्यक् आणि माझं टिक्, भोपूच्या लेखी एकच. वाजलं, आणि खाऊ आला नाही. बिचारा तगादा लावत होता.

सांगायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मग 'तुम्ही सारखं च्यक् करता' हेही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला नको वाटतंय.

दुपारची गोष्ट. त्यांना चहा दिला. स्टुलावर कप ठेवला आणि च्यक्. नवऱ्यासमोर. भोपू गेला, भुंकला. माझा हात एप्रनच्या खिशात होता, खिशात क्लिकर. टिक्.

अंगठ्यानं दाबलं. मी नाही, असं लिहिणार होते. पण अंगठा कोणाचा?

मग वाजलं म्हणून दिलं. कोंबडीचा तुकडा, मोठा. नवऱ्याला वाटलं, मी भोपूला बोलावून गप्प केलं. "बघ, किती कामाला आलं शिक्षण," म्हणाला. सासूबाई चहात बघत होत्या. त्यांना काय कळणार, आमच्या घरात दिवसभर टिक्टिक् चालूच असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कालही. आजही. सकाळी पडदे उघडताना च्यक् झालं, भोपू भुंकला, टिक्. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, इथे तरी खोटं कशाला लिहू? माझ्या बाजूनं बोलणारं घरात कोणीतरी आहे असं वाटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एकही च्यक् नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

च्यक् बंद झालंय. घर कसं शांत शांत. पहिले दोन दिवस गाणं गुणगुणत भांडी घासली. मग लक्षात आलं की सासूबाई बोलतच नाहीत. जेवण खोलीत मागवतात. वॉकर भिंतीला टेकलेला. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात चालायच्या, तेही बंद. विचारलं तर, "नको, तो कुत्रा उगाच त्रास करून घेतो."

त्रास त्याला होतो म्हणतात! स्वतःला नाही.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आईचा जीव रमत नाही इथे. भोपूनं तिच्यावर का दात धरलाय कळत नाही. ताईशी बोलतो उद्या." इतके दिवस मनात म्हणत होते, जातील तर बरं. आता जायचं निघालं तर तो तिसरा मजलाच डोळ्यांसमोर येतोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका दाताच्या डॉक्टरीणबाईंना गाडी शिकवत होते. चढावर गाडी मागे घरंगळली, मी ब्रेक दाबला, त्यांना घाम फुटला. म्हटलं, काही होत नाही, पुन्हा. उतरताना म्हणाल्या, "तुम्ही घरीही अशाच शांत असाल ना? तुमच्या घरच्यांचं नशीब!"

मी म्हटलं, पुढच्या वेळी आरसे आधी लावून घ्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम करून घेणारी फिजिओवाली येऊन गेली. मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली, पण चिडलेली.

"आजींचा गुडघा मागे गेलाय. आधी वाकायचा तेवढाही वाकत नाही. चालत नाहीत का?"

मी म्हटलं, कमी चालतात.

"आणि आणखी एक. आधी दुखलं की च्यक् करायच्या. आपोआप यायचं तोंडातून. त्यावरून मला कळायचं कुठे थांबायचं ते. आता दात दाबून पडून राहतात. परवा मी जास्त वाकवला, कळलंच नाही मला. सूज बघा केवढी आलीये. काय झालंय त्यांना?"

ती गेल्यावर एकेक च्यक् आठवत गेलं.

पडदे उघडले की उजेडानं त्या कुशीवर वळायच्या. स्टुलावरचा कप घ्यायला वाकायच्या, कारण मी तो इतका खाली ठेवायची. आणि दार! कामावरून आले की मला किल्ली शोधत उभं राहायला लागू नये म्हणून त्या खुर्चीतून उठून, वॉकर ढकलत दारापर्यंत यायच्या. च्यक् त्याचं होतं.

एकही माझ्यासाठी नव्हतं. एवढी कोण लागून गेले मी?

आणि मी त्यांच्या दुखण्यावर कुत्रा सोडला. खाऊ देऊन. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शिकवणाऱ्या मुलीला फोन केला. म्हटलं, घरात एकाच्या तोंडून तसा आवाज येतो, कुत्रा भुंकतो, आणि चुकून त्यावर क्लिकर वाजला काही वेळा.

"चुकून? कोणाकडून?"

"नवऱ्याकडून," म्हटलं.

शी.

ती म्हणाली, कुत्र्याचा दोष नाही. (माहीत आहे!) ज्यांच्या तोंडून आवाज येतो त्यांनीच खाऊ द्यायचा. आवाज झाला, तो आला, गप्प बसला, की त्यांच्या हातून तुकडा. भुंकला तर काही नाही, नुसतं थांबायचं. "पण त्यांनी मुद्दाम तो आवाज काढायला हवा. काढतील?"

१ मार्च, रविवार

काढला. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, आई, वर्गातून घरचा अभ्यास दिलाय, तुमची मदत लागेल. खरं कारण सांगितलंच नाही. त्यांना वाटी दिली, क्लिकर दाखवला, सगळं समजावलं. स्वतःहून बसेपर्यंत थांबायचं, दाबायचं नाही, ढकलायचं नाही, वाजलं की द्यायचं. शाळेतल्या बाईंसारखी बोलत होते. कोण कोणाला शिकवतंय!

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भुंकला तर?"

"थांबायचं."

"किती?"

"तो गप्प होईपर्यंत."

"मला जमतं थांबायला," म्हणाल्या.

च्यक्. भोपू आला, भुंकला, पुन्हा भुंकला. आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. माझा हात रिकामा, त्यांचा बंद. शेवटी कंटाळून बसला. सासूबाईंनी तुकडा पुढे केला. त्यानं अगदी ओठांनी उचलला.

नवऱ्याला म्हटलं, आईंना ताईकडे न्यायची घाई नको, थोडं थांब.

५ मार्च, गुरुवार

च्यक् केलं की भोपू जाऊन सासूबाईंच्या पायाशी गप्प बसतो. आता दुखलं की तो हजर. त्या गाऊनच्या खिशात तुकडे ठेवायला लागल्यात, गाऊनला कोंबडीचा वास येतो. कप मी आता उंच टेबलावर ठेवते. किल्ली गळ्यात अडकवलीय, दार मीच उघडते. पण कशासाठी, ते सांगितलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

सासूबाई व्हरांड्यात पुन्हा चालतात. पुढे त्या, शेजारी भोपू, वॉकरपासून वीतभर लांब. सूज उतरलीय. फिजिओवाली म्हणाली, झकास.

जेवताना नवरा नणंदेशी फोनवर बोलत होता. "नाही गं, आता इथेच राहतेय ती. सगळं हिच्यामुळे. किती जीव लावून शिकवलं हिनं कुत्र्याला!" सासूबाई समोर बसून वरण ओतून घेत होत्या. मान वर केली नाही.

मी उठून पाण्याची बाटली भरून आणली. ती भरलेलीच होती.

कौतुकानं एवढं टोचेल असं वाटलं नव्हतं. निस्तरलं ना सगळं? मग झालं. असं रोज स्वतःला सांगते. आणि रोज त्यांच्याकडे बघताना नजर पहिल्यांदा गुडघ्यावर जाते.

१३ मार्च, शुक्रवार

सांगायचं ठरवलं. त्यांच्या खोलीत गेले. विचारलं, उशी हवी का आणखी? आणली आणि परत आले.

१४ मार्च, शनिवार

आज त्यांची नखं कापून दिली. दहाही बोटं झाली, तोंड उघडलं नाही. त्या म्हणाल्या, "काही म्हणायचंय का तुला?" म्हटलं, नाही, नखं फार कडक झालीत.

१५ मार्च, रविवार

नवरा बाहेर. सासूबाई खुर्चीत, भोपू पायाशी. चहा दिला. परत फिरले आणि दारातच थांबले. म्हटलं, "आई, भोपू तुमच्यावर भुंकायचा ना, ते मी—"

टिक्.

क्लिकर त्यांच्या हातात होता. भोपूनं मान वर केली. पण त्यांनी बशीतलं बिस्किट माझ्यासमोर धरलं.

"वाजलं की द्यायचं," म्हणाल्या. "घे. त्या दिवशी एप्रनचा खिसा हलला तेव्हापासून थांबलेय मी."