पांगाऱ्याची काठी

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. शिवून शिवून खांदे भरून येतात, पण ते इथे सगळ्यांचेच येतात. आईचा गुडघा कसा आहे? डॉक्टर म्हणतात एकटीला चालू द्या, तरी तुम्ही तिचा हात सोडत नाही, असं काकू सांगत होती.

तुम्ही दिलेली पांगाऱ्याची फांदी मी कारखान्यामागे लावली होती ना, ती बघता बघता माझ्या डोक्यावर गेली. वाऱ्याने मोडेल म्हणून मी तिला काठीला करकचून बांधून ठेवलं. गेल्या वर्षी काठी काढली, तर बाईसाहेब आडव्या! नुसती उंची, अंगात जोर काडीचा नाही. तुमचीच लेक ना मी, लाड नडले.

मग शेंडा छाटला आणि जुन्या ओढणीने सैलसर बांधलं. झाड वाऱ्यावर डुलायचं आणि इकडे माझा जीव वरखाली व्हायचा. पण डुलून डुलूनच खोड भरलं. आता काठी नाही, आणि लालभडक फुलं आलीत.

पहिलं फूल वेगळ्या पाकिटात आईच्या नावाने टाकलंय. पोस्टमनने फाटकातून हाक मारली की तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही.

तुमचीच,
हट्टी लेक