माझी लेक, माझं कंट्रोल

१ जुलै, मंगळवार
आजपासून रंजिताच्या मोबाइलवर पॅरेंटल कंट्रोल. म्हसावदमध्ये असं करणारा मी पहिलाच बाप असणार. चौकशी केलेली नाही, पण अंदाज आहे. ॲप तिच्याकडूनच टाकून घेतलं. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. इन्स्टा बंद, यूट्यूब बंद. मुलगी अकरावीत. वय वाईट, जग त्याहून वाईट. कोकिळा म्हणाली, आधी पोरीला विचारा तरी. बायको भोळी आहे. विचारून कुठे शिस्त लागते?

३ जुलै
ॲपने जीवशास्त्राचा धडा अडवला. 'प्रजनन' शब्द आला की पान बंद. होमवर्क राहिला म्हणून मॅडमनी रंजिताला वर्गाबाहेर उभं केलं. वाईट वाटलं, पण ॲपचा अभिमानही वाटला. मी शिकवतो त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. हेडमास्तरांनी लगेच पालक मेळाव्यात माझं भाषण ठेवलं : 'मुलं, मोबाइल आणि आपण'. नवं जाकीट शिवायला टाकलं.

८ जुलै
रंजिताचा वाढदिवस. बॅनर खास नंदुरबारहून डिझाइन करून घेतला. मधोमध तिचा फोटो, कोपऱ्यात माझा, जरा मोठा. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे खाली 'शुभेच्छांसाठी संपर्क' आणि तिचा नंबर. वर चार ओळी मी स्वतः लिहिल्या : रोज दुपारच्या एस.टी.ने एकटी शहाद्याला क्लासला जाणारी ही जिद्दी लेक! फेसबुकवर टाकला, समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. सेटिंग सर्वांसाठी खुलं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? रंजिता नको म्हणत होती. लाजते. संस्कार आहेत.
आमदारांच्या पी.ए.चा अंगठा आला. जेवण गेलं नाही.

१० जुलै
रंजिताला अनोळखी फोन येतायत म्हणे. घाणेरडं बोलतात. मी शांतपणे विचारलं, तू काय केलंस? तर रडायला लागली. ॲपचा रिपोर्ट पाहिला, सगळं हिरवं. म्हणजे पोरगी ॲपलाही फसवते.
शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा, पहिले ती पोस्ट काढा. मन्हा नंबर तठे तुम्हीच टाकेल शे.”
उलट बोलते. स्क्रीन टाइम अर्ध्या तासावर आणला.

१४ जुलै
शहादा स्टँडवर कोणी मोटारसायकलवाला तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नावाने हाक मारली. वाढदिवसाची पार्टी मागितली, गाडीवर बस म्हणाला. भाजी विकणाऱ्या तुळशीबाईंनी तिचा हात धरून तिला एस.टी.त बसवलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. पोरगी त्यांचा हात सोडेना. माझंही काळीज हललं. तुळशीबाईंना चहा पाजला.
मग ठाम निर्णय घेतला. क्लास बंद. मोबाइल माझ्या कपाटात. मूळ कारणच दूर केलं.
कोकिळा ताटावरून उठली. “पोर रडी ऱ्हायनी, आन तुम्ही लाईक मोजी ऱ्हायनात,” म्हणाली. मोजत नव्हतो. नुसतं बघत होतो.

१८ जुलै
पालक मेळावा. जाकीट काखेत काचतं, पण उठून दिसतं.
माझ्या आधी पोलीस खात्याच्या एक मॅडम बोलल्या. पडद्यावर उदाहरण दाखवलं. कोणा बापाने मुलीचा फोटो, नंबर आणि क्लासला जायची वेळ, सगळं जगजाहीर केलेलं. चेहऱ्यांवर काळ्या पट्ट्या होत्या. माझ्याने राहवलं नाही. सर्वांच्या आधी उठून बोललो की असे बाप समाजाला कलंक आहेत. टाळ्या पडल्या. मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. छाप पडली.
घरी येताना लक्षात आलं, पडद्यावरच्या बॅनरवरच्या त्या चार ओळी माझ्याच होत्या. चांगलं लिहिलं की लोक उचलतात. त्या बापाला शोधून समज दिली पाहिजे.

२० जुलै, रविवार
कोकिळा रंजिताला घेऊन नवापूरला गेली. भावाकडे, सुकलालकडे. मला सांगून गेली नाही. ॲप उघडलं. रंजिता घरीच आहे असं दाखवतं. थोडा धीर आला. मग आठवलं, मोबाइल कपाटात आहे.
वरण जळालं.

२२ जुलै
सुकलालला फोन केला. रंजिता फोनवर यायला तयार नाही. तिचा निरोप त्याने सांगितला : पोस्ट काढा, त्या दिवशी घरी येते. इतकंच. मी त्याला समजावलं, पी.ए.साहेबांचा अंगठा आहे, काढली तर ते काय समजतील? त्याने फोन ठेवला. शिकलेला नाही तो.
घर फार शांत आहे. तिच्या टेबलावर जीवशास्त्राचं पुस्तक उघडंच पडलंय. मी बंद केलं नाही. करवलं नाही.

२३ जुलै
ठरवलं. लेकीपुढे पी.ए. काय! पोस्ट काढायला घेतली.
काढण्यापूर्वी एकदा नजर टाकावी म्हटलं, तर सकाळीच नवी कॉमेंट. मोटारसायकलवर बसलेल्या कोणा तरुणाचा फोटो. ओळखीचा नाही, पण भाषा नम्र. 'सर, ताईचा नंबर बंद लागतो. एस.टी.तही दिसत नाही. तब्येत बरी आहे ना?'
गहिवरलो. सख्खे नातेवाईक फोन ठेवून देतात, आणि परका माणूस एवढ्या आपुलकीने विचारतो. अशा वेळी उत्तर न देणं बरं दिसत नाही. लिहिलं : 'ताई बरी आहे. सध्या नवापूरला मामाकडे. हायवेलगत सुकलालभाऊंची पोल्ट्री, कोणीही दाखवेल.'
पोस्ट दोन दिवस राहू दे. लगेच काढली तर त्याला वाईट वाटेल.
त्याने अंगठा दिलाय.