टेक्निकल तरी

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय भाऊराया,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, वर्कशॉपचं छप्पर गळतं, दोघांनाही मी दाद देत नाही. आमच्या भावजयबाईंचा खोकला गेला का?

मी तुझ्या शाळेत येऊन दहावीच्या मुलांना वेल्डिंगच्या कामाबद्दल सांगितलं, म्हणून आभार मानलेस, तेही मुख्याध्यापकाच्या शिक्क्यासकट. सख्ख्या बहिणीला शिक्का! असो. पुढच्या वर्षीही ये म्हणतोस, आणि वर लिहितोस, ‘आमच्या कच्च्या मुलांना निदान टेक्निकल तरी करता येईल, हे तुझ्यामुळे कळतं.’

हा ‘तरी’ मी केव्हाची चघळतेय. आई म्हणायची, जेवत नाहीस तर दूध तरी पी. त्या ‘तरी’त माया होती. तुझ्या ‘तरी’त काय आहे रे?

केवढ्या हौसेने आले होते मी! तोंडावर धरायची काच आणली, जोड आतून कसा दिसतो ते दाखवायला टाकीचा कापलेला तुकडा आणला. बघते तर हॉल अर्धा रिकामा. पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “बाकीचे कुठे गेले गं?”

“हुशार मुलांचा जादा तास आहे, मावशी. आम्हाला इकडे पाठवलंय.”

इतक्या सरळपणे म्हणाली, की मलाच कुठे बघावं ते कळेना.

तेही मी गिळलं असतं. पण तेवढ्यात बबडी दारात आली. तुझी स्वतःची मुलगी, जादा तास बुडवून आत्याचं ऐकायला आलेली. माझी ओळख अर्धवट टाकून तू तरातरा तिच्याकडे गेलास. “तू इथे काय करतेस? हे तुझ्यासाठी नाहीये. जा वर्गात.” हळूच बोललास, पण हातातला माइक चालू होता, शहाण्या. अख्ख्या हॉलने ऐकलं. आणि कुणी हसलंसुद्धा नाही. पोरांना सवय असावी.

नंतर त्यांनी विचारलं, पगार किती मिळतो, भाजतं का, मुलींना घेतात का. मी उत्तरं दिली. चूक तुझी आणि तोंड लपवायची वेळ माझ्यावर.

मी हे काम नाइलाजाने धरलं, असं तू लोकांना सांगतोस, ठाऊक आहे मला. मला आवडलं म्हणून धरलं. अजूनही आवडतं. तुला कधी विचारावंसंही वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बबडीचा फोन आला होता. तुम्हा दोघांचं चांगलंच वाजलं म्हणे. “आत्यासारखे हात करून घ्यायचेत का?” असं तू विचारलंस, ती “हो” म्हणाली, आणि तू भरल्या ताटावरून उठलास. मी काय करू, असं ती मला विचारत होती. रडत होती. ‘बाबांचं ऐक’ एवढं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण ते तोंडातून निघेना.

परीक्षा संपली की ती सुट्टीभर माझ्याकडे राहील आणि वर्कशॉपमध्ये काम शिकेल. नाही आवडलं तर सोडेल, आवडलं तर पुढचं तिचं ती ठरवेल. त्या हॉलमधल्या आणखी कुणाला यायचं असेल तर त्यांनाही पाठव, जागा करीन. बबडीचं मात्र मी तुला कळवतेय, विचारत नाहीये.

तिची आत्या