डेल्मरचं रिव्हॉल्व्हर आणि आखूड स्क्रू

मी, व्हर्लीन टॅकेट, कै. डेल्मर टॅकेट यांची बायको, वय एक्याऐंशी, राहणार डो फोर्क, केंटकी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्यानं माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून बघावा. बळजबरी कोणी केलेली नाही. जावयानं लाडीगोडी केली, पण वकीलबाई म्हणतात ती बळजबरीत धरत नाहीत.

आधीची दोन मृत्युपत्रं रद्द. दुसऱ्यातलं सातवं कलम तर जाळूनच टाका. त्यात मी हॉबर्ट कॉडिलला माझ्या नवऱ्याचा घात करणारा असं लिहिलं होतं. का रद्द, ते चौथ्यात येईल. मधली कलमं गाळून पुढे पळू नका. मला कळतं कोण पळतं ते.

पहिलं. घर, मागची टेकडी आणि कोंबड्या लेकीला, जनीवाला. कोंबड्या अकरा आहेत. दहा भरल्या तर आधी शेजारच्या कुत्र्याकडे बघू नका, जावयाच्या ताटाकडे बघा.

दुसरं. बिडाचा तवा जनीवाला. साबण लावलास तर मी परत येईन. शेंगांचं बी डाव्या कपाटात, पिवळ्या बरणीत आहे. ओपल स्लोनला त्यातलं देऊ नये. एक तर ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदारानं काही घ्यायचं नसतं. दुसरं म्हणजे तिनं आधीच चोरलंय.

तिसरं. जावई रँडल यांना डेल्मरची मासे धरायची काठी. एवढंच. रिव्हॉल्व्हर नाही. दर रविवारी जेवण झालं की रँडल विचारतात, "आई, ते बाबांचं रिव्हॉल्व्हर कुठं ठेवलंय हो? नाही, सहज. तेल लावून ठेवलं असतं." सहज म्हणता म्हणता माणूस पलंगाखाली वाकतो का? एकदा म्हणाले, "पूर्वीसारखं करून घेऊ, पोलिसाचं अस्सल, बंदुकांच्या जत्रेत लोक वेडे होतील." म्हटलं, "जावईबापू, कापलेली नळी परत वाढत नाही. ती काय तुमची मिशी आहे?"

चौथं. आता ते रिव्हॉल्व्हर.

डेल्मर शेरीफकडे डेप्युटी होता. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत सगळ्यांना नवी पिस्तुलं मिळाली. डेल्मरनं हट्टानं जुनं रिव्हॉल्व्हर ठेवून घेतलं, आणि ते आपल्या हातासारखं करून घ्यायला हॉबर्टकडे नेलं. हॉबर्टचं बंदुकांचं दुकान गिरणीला लागून होतं. त्यानं चार इंची नळी अडीच इंचावर आणली. काडतुसावर टोला मारणाऱ्या घोड्याचं मागचं शेपूट कापलं, म्हणजे कोटाच्या अस्तरात अडकायला नको. चाप असा गुळगुळीत केला की लोण्यातून सुरी. आमच्या अंगणात पडलेल्या अक्रोडाच्या लाकडाची मूठ केली, डेल्मरच्या जाड अंगठ्याला बरोबर खळगा ठेवून. वस्तू अशी झाली की मला तिचा मत्सर वाटायचा.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, डेल्मर पेट्रोलपंपावर कॉफी घेत असताना एक चोर गल्ला उचकटायला आला. डेल्मरनं रिव्हॉल्व्हर काढलं, ओरडला. चोरानं बंदूक वर केली. डेल्मरनं चाप ओढला. क्लिक. परत ओढला. क्लिक. तिसऱ्यांदाही तेच. चोर हसला. म्हणाला, "काका, बॅटरी संपली वाटतं," आणि गल्ला घेऊन गेला.

कोणी मेलं नाही. पण त्या दिवसापासून डेल्मरला गावात सगळे "क्लिक" म्हणायला लागले. शेरीफनं त्याला कोर्टाच्या दारावर बसवलं. मरेपर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, तो पेट्रोलपंपाच्या रस्त्यानं गेला नाही.

मी काय समजले? हॉबर्टनं लग्नाआधी मला मागणी घातली होती. मी नाही म्हटलं होतं. तो सूड त्यानं त्या यंत्रात भरला. मी हे भाजीच्या दुकानात सांगितलं, केस कापायला गेले तिथं सांगितलं, प्रार्थनेच्या आधी सांगितलं, नंतरही सांगितलं. त्याच्याकडे जाणारी गिऱ्हाइकं थांबली. तीन वर्षांत दुकान बंद. तेव्हापासून तो पडवीत गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. आणि दर रविवारी चर्चच्या पायरीवर मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणायची, "क्लिक." तीस वर्षं. मला मजा यायची, हे खोटं कशाला लिहू.

मी चिडून बोलायला लागले की डेल्मर म्हणायचा, "जाऊ दे गं, व्हर्ल." मला वाटायचं, केवढं मोठं मन.

गेल्या मे महिन्यात माझी बोटं वाकडी झाली म्हणून मी ती मूठ माझ्या हाताजोगी घासायला घेतली. कोण येईल काय सांगावं, रँडलच येतील. मूठ उघडली. आतल्या बाजूला हॉबर्टनं पेन्सिलीनं लिहिलेलं: "स्क्रू पूर्ण लांबीचा. सरकारी काडतुसं पन्नास झाडली. एकही फुसकं गेलं नाही."

मुठीत तळाला एक बारका स्क्रू असतो. तो आतल्या पोलादी पट्टीला ताण देतो. ताण असेल तर घोडा जोरानं पडतो. मी तो काढला, तर टोकाला घासून आखूड केलेला. तरी मी म्हटलं, बघा लबाड, लिहिलंय एक आणि केलंय एक!

मग डेल्मरची पेटी उघडली. किल्ली माझ्या गळ्यात असते, दुसरी नाही, तेव्हा कोणी काही आणून ठेवलं असेल ही शंका मी आधीच तपासली. आत खोकल्याच्या गोळ्यांची डबी. डबीत लांब, न घासलेला स्क्रू. त्याला चिकटपट्टी, पट्टीवर डेल्मरचं अक्षर: "स्पर्धा झाली की परत लावणे."

पेट्रोलपंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात पोलिसांची नेमबाजीची स्पर्धा होती. डेल्मर पहिला आला, बक्षीस म्हणून खारवलेली डुकराची अख्खी तंगडी घेऊन आला. चाप आणखी हलका व्हावा म्हणून यानंच दुसरा स्क्रू घासून आत बसवला होता. स्पर्धेत घरी भरलेली काडतुसं वापरली, त्यांच्या बुडाची ठिणगीची टोपी मऊ, ती उडाली. मग लांब स्क्रू परत लावायचा विसरला, आणि सरकारी काडतुसाची टोपी कडक. तिला तेवढा टोला पुरला नाही. ती तंगडी मी ख्रिसमसपर्यंत पुरवून खाल्ली.

मी डबी घेऊन भर दुपारी हॉबर्टकडे गेले. यंत्राच्या झाकणावर दोन्ही स्क्रू ठेवले.

त्यानं हात पुसले. लांब उचलला. "हा माझा." आखूड उचलला, टोकावरून नख फिरवलं. "हा डेल्मरचा. कानस धड सरळ धरता यायची नाही त्याला."

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी आला होता. रडला. म्हणाला, व्हर्लला सांगू नकोस."

"आणि तू ऐकलंस?"

"म्हटलं, तूच सांग, आठ दिवस देतो. नवव्या दिवशी तू येऊन माझ्या काचेवर पातेलंभर रस्सा फेकलास. मग मी काय सांगणार होतो, आणि मानणार कोण होतं?"

"तीस वर्षं तुला क्लिक म्हणतेय मी."

"मला कमी ऐकू येतं."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

तरी मला संशय आलाच, की मेलेल्या माणसावर ढकलायला किती सोपं. मी दहा मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसले. तो पातं घासत राहिला. मग मला माझाच कंटाळा आला.

म्हणून या कलमात मी रिव्हॉल्व्हर हॉबर्टला देत होते. त्यानं नको म्हटलं. "मी काय केलं आणि काय नाही केलं, ते तेवढं नीट लिही. आणि खाली मला सही करू दे."

वकीलबाई म्हणाल्या, "सही करणाऱ्यानं काही घेता कामा नये."

हॉबर्ट म्हणाला, "मग बंदूक नको."

तेव्हा लिहिते: त्या रिव्हॉल्व्हरवर हॉबर्ट कॉडिलनं केलेलं काम चोख होतं. बिघडवलं माझ्या नवऱ्यानं. गावभर खोटं पसरवलं मी. हे कलम चर्चमध्ये मोठ्यानं वाचावं, आणि ओपलनं वाचावं, तिचा आवाज तिसऱ्या खोऱ्यापर्यंत जातो.

रिव्हॉल्व्हर जनीवाला, लांब स्क्रू लावून. विकायचं नाही. रँडल तेल लावू शकतात, ती समोर असताना.

पाचवं. आखूड स्क्रू मला पुरताना माझ्या मुठीत ठेवा. वर गेल्यावर एका माणसाला तो दाखवायचाय.

सही: व्हर्लीन टॅकेट
स्थळ: डो फोर्क, माझ्याच स्वयंपाकघरात
दिनांक: ११ जून २०१९

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: ओपल स्लोन, निवृत्त, पोस्ट. (बी मी चोरलेलं नाही, मागून घेतलंय.)

साक्षीदार २: हॉबर्ट कॉडिल. धंदा: बंदुकांचा कारागीर. (आधी लिहिलेलं "गवताची यंत्रं दुरुस्ती" मीच खोडलं आहे. हॉ. कॉ.)