घामोळंच असेल

१२ एप्रिल २०२१, सोमवार
आजपासून घरातल्यांच्या तब्येतीची नोंद ठेवायचं ठरवलं. दुसरी लाट आली आहे आणि कोहमाऱ्यात लोक अजून ढाब्यावर चहा पीत बसलेत. कोणीतरी जबाबदारीनं वागलं पाहिजे.
व्हॉट्सॲपवर आलं आहे की परदेशात कोरोनात पोरांच्या पायाची बोटं जांभळी पडतात, अंगावर चट्टे उठतात. म्हणजे रोग पोरांच्या कातडीवर आधी दिसतो. हे मला पटलं. जनावरांच्या औषधांचं आणि ढेपेचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी गुरांवर लम्पी आली तेव्हा गाठी आलेली किती गुरं या डोळ्यांनी पाहिली. कातडी ती कातडी.
ठराव : रोज सकाळी पोरीची, पिंकीची तपासणी.

१४ एप्रिल, बुधवार
जयंती घरातच. फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, आईनं वंदना म्हटली. खीर झाली.
पिंकीची तपासणी झाली. बोटं ठीक. तिला गुदगुल्या होतात म्हणून वेळ लागतो. आठ वर्षांच्या पोरीला विज्ञानाचं गांभीर्य नाही.
मला थोडी कणकण आहे. ऊन लागलं. खोकला ढेपेच्या धुळीचा.
बायको अल्का म्हणे, टेस्ट करून घ्या जी. मी म्हटलं, कायले? मास्क तर लावतोच. चष्म्यावर वाफ येते म्हणून नाकाखाली लावतो, पण लावतो.

१८ एप्रिल, रविवार
कणकण गेली. शरीर मुळातच काटक.
एक चिंता. अल्काच्या हाताची चव गेली. वांग्याची भाजी सपक, वरण सपक. बोललो. तिनं मीठ वाढवलं तर आईला ठसका लागला. मला तरी सपकच. बायको टेन्शनमध्ये असली की स्वयंपाकावर परिणाम होतो, म्हणून जास्त बोललो नाही.
ठराव : पिंकीनं दर तासाला हात धुवायचे. साबणावर माझा भरवसा नाही. दुकानात चांगलं जंतुनाशक पडलं आहे.

२१ एप्रिल, बुधवार
जे व्हायचं ते झालं. सकाळच्या तपासणीत पिंकीच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे. मनगटापर्यंत.
मी अजिबात घाबरलो नाही. पिंकीला मागच्या खोलीत बसवलं, गल्लीत सगळ्यांना सांगितलं, ग्रुपवर फोटो टाकला आणि सासऱ्यांना फोन केला. सासरे देवरीला असतात. फोनवर माझा आवाज फुटला म्हणतात, पण तिकडे रेंजच खराब आहे.
दुपारी सडक अर्जुनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिंकीचे हात पाहिले, मग हुंगले. काय लावता म्हणे. मी बाटली दाखवली. त्यांनी लेबल वाचलं आणि म्हणाले, भाऊ, हे गोठा धुवायचं आहे. पोरगी होय, गोठा नोहे.
रांगेतले लोक हसले. पिंकीसुद्धा हसली, तेही त्या लोकांकडे पाहून.
डॉक्टर वर म्हणाले, खोकून तर तुम्हीच राहिले, तुमची टेस्ट करून घ्या. मी म्हटलं, धूळ आहे.

२२ एप्रिल, गुरुवार
सकाळी गिऱ्हाईक मुन्नालाल आला. गोठ्याचं औषध द्या म्हणे, पोराचे हात धुवायचे आहेत.
ठराव, आणि हा शेवटचा : या घरात माझ्या तोंडून कोणत्याही रोगाचं नाव निघणार नाही. पुरुषाचा शब्द.

१७ मे, सोमवार
इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. शब्द पाळला.
पिंकीला परवापासून ताप. पोट दुखतं म्हणते. आंबे जास्त झाले. डोळे लाल आहेत, मोबाईल पाहते. पोटावर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं आहे. घामोळं. मे महिन्यात घामोळं येणार नाही तर काय येणार.
अल्का म्हणे, दाखवून आणू. मी तिला शांतपणे समजावलं की मी आता अनुभवी आहे. एकदा सगळ्या कोहमाऱ्यासमोर हसू झालं, तेवढं पुरे. घामोळ्याची पावडर आणली.
आई म्हणे, काऊन रे बापू, तवा काही नोहतं त धावला, आता पोरगी तापून राहिली त बसला. आईचं वय झालं. दोन वेगळ्या केसेस आहेत हे तिला कळत नाही.

१९ मे, बुधवार
ताप उतरत नाही. ओठ लालभडक, जीभही. मी लगेच ओळखलं : रंगाचा बर्फगोळा. हे काम साळ्याचं, संघदीपचं. भाचीचे लाड तोच करतो. फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणे, भाऊजी, लॉकडाऊनमध्ये गोळेवाला कुठं हाय? पोरीले काय झालं ते सांगा.
अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला. पिंकीजवळ बसला, कपाळाला हात लावला. अल्कानं पिशवी आधीच भरून ठेवली होती. पिंकीला मध्ये घेऊन तिघं गोंदियाला निघाले. जाताना अल्का एवढंच म्हणाली, तुम्ही या मागून, यायचं असन त.
मी दुकानाची गाडी काढली. रस्त्यात दोनदा थांबलो. चष्म्यावर वाफ आली होती. मास्क लावलेला नव्हता.

२० मे, गुरुवार
पिंकी मुलांच्या वॉर्डात आहे. हाताला सलाइन.
डॉक्टरीणबाई हिंदीत बोलतात. घर में किसी को कोरोना हुआ था क्या, महीना भर पहले? मी ठामपणे म्हटलं, किसी को नहीं.
अल्का म्हणाली, इनको.
मी म्हटलं, धूळ. अल्का म्हणाली, ताप आला होता, खोकला होता, तोंडाची चव गेली होती. घरी सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टरीणबाई, फक्त यांना सांगितलं की भांडण होते.
मग त्यांनी समजावलं. पोरांना कोरोना होऊन जातो, कळतही नाही. तीन-चार आठवड्यांनी शरीराचीच ताकद शरीरावर उलटते. ताप, पुरळ, लाल डोळे, लाल जीभ, पोटदुखी. हृदयालाही सूज येऊ शकते. आणखी एक-दोन दिवस घरी ठेवली असती तर अवघड होतं, म्हणाल्या.
हृदयाची सोनोग्राफी उद्या.

२१ मे
सूज आहे. थोडी आहे म्हणतात.
ताप आहे.

२२ मे
ताप आहे. नसेतून औषध चालू केलं. अल्का दोन घास खाऊन घ्या म्हणाली. तिनं स्वतः खाल्लं की नाही, मी विचारलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.
पिंकी झोपेत म्हणाली, बाबा, आज पाय पाहिले नाही.
पाहिले. दोन्ही पायांची सगळी बोटं पाहिली. तिला गुदगुल्या झाल्या नाहीत.

२४ मे, सोमवार
ताप नाही. सकाळपासून नाही.
संडासात जाऊन रडलो. लिहून ठेवतो, कारण बाहेर सगळ्यांना सांगितलं की फिनाईलचा वास डोळ्यांना लागला.

२६ मे, बुधवार
बुद्ध पौर्णिमा. संघदीप डब्यात खीर घेऊन आला. पिंकीनं तीन चमचे खाल्ले आणि साखर कमी आहे म्हणाली. मी चाखली. खरंच कमी होती. आईनं केलेली. साखर कमी पडली हे पहिल्यांदाच मी कोणाला सांगितलं नाही.
हृदयाची सूज उतरली. उद्या-परवा सुट्टी. काही महिने तपासणीला यायचं.
संघदीपची माफी मागणार होतो. बोलायला लागलो तर तो म्हणे, राहू द्या भाऊजी, चहा पिऊ.

५ जून, शनिवार
सकाळी पिंकीच्या बोटांच्या टोकांची साल निघत होती. कांद्यासारखी. दोन्ही हातांची.
या वेळी उशीर नाही. हसायचं त्यानं हसावं. अंघोळ नाही, चहा नाही, पिंकीला उचलून गाडीत बसवलं आणि हॉर्न वाजवला. अल्का हात पुसत बाहेर आली. काऊन, कुठं चालले? मी बोटं दाखवली.
ती म्हणाली, असं होणारच होतं. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की साल निघन, घाबरू नका. तुम्ही तिथंच उभे होते. बाजूच्या खाटेवरच्या पोराच्या बापाले सल्ला देऊन राहिले होते.
मी म्हटलं, त्याला गरज होती. अल्का आत गेली.
गाडी चालूच होती. पिंकी म्हणाली, बसलोच आहोत तर चक्कर मारून आणा. हायवेच्या चौकापर्यंत गेलो. ट्रक मोजले. परत येताना ती खूप विचार करून बोलली : बाबा, तुमाले काही वाटलं ना, त आधी आईले विचारत जा.
मी म्हटलं, बघू.
घरी आल्यावर अल्काला विचारलं, असं करावं का? ती म्हणाली, हो.
म्हणून तसं ठरवलं.