वास गेला की कळवा

३ मार्च, सकाळी ८
टाकी आली. हजार लिटरची, मागच्या अंगणात भिंतीलगत ठेवली. आत विकायला सहाशे लिटर माशांचं पातळ खत. झाडांना अमृत. ऑफिसात अठरा वर्षं फुकट घालवली, असं आज मनापासून वाटलं. गाळ तळाशी बसतो म्हणून टाकीवाल्याने रोज ढवळायला सांगितलंय. संकल्प : रोज सहाला उठून अर्धा तास पंप लावणे. त्याने आणखीही काही बजावलं. कागदावर लिहून घेतलं. कागद जपून ठेवलाय.

सौ.ने विचारलं, हा वास कायमचा का. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

७ मार्च
पंप लावला नाही. एक दिवस झोप, एक दिवस पाठ. आज तत्त्व : चांगल्या मालाला सारखं डिवचू नये. भिंतीवर सहा मांजरं बसून असतात. जाहिरातीचा खर्च वाचला.

१२ मार्च
नऊ दिवस झाले. सौ. बहिणीकडे गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन दिवसांची भाजी करून ठेवली, पासबुक कुठे आहे ते सांगितलं आणि दारात म्हणाली, वास गेला की कळवा, मी येईन. स्वतःची उशी घेऊन गेली. दुसऱ्या उशीवर तिला झोप लागत नाही. म्हणजे रागाने नाही, सोयीने गेली.

घर जरा मोठं वाटतंय.

१५ मार्च
पहिलं गिऱ्हाईक, नर्सरीवाल्या बाई. दोन कॅन नेले. ढवळायचं राहिलं, कारण बाई घाईत होत्या. (मी घाईत होतो.) नळ तळाशी असल्याने माल दाट गेला. दाट म्हणजे पौष्टिक.

१७ मार्च
बाई परत आल्या, नाकाला रुमाल लावून. फवारणीची सगळी नोझलं खवल्यांनी तुंबली म्हणे, एकेक सुईने साफ करतेय. मी म्हटलं, गाळून घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, गाळून तुम्ही द्यायचं असतं. यावर विचार करीन.

१८ मार्च
विचार केला. लोकांना पातळ हवंय. मग टाकीतच पाणी घालून तयार माल ठेवावा. दर वेळी मोजून मिसळायची कटकट नको. नळी लावली आणि डुलकी लागली. टाकी काठोकाठ भरली.

२१ मार्च
टाकीवाल्याचा कागद सापडला, साखरेच्या डब्याखाली. ‘पाणी घातलेला माल साठवू नये, सडतो.’ हे लोक उगीच घाबरवतात. शेजारच्या मास्तरांनी भिंतीपलीकडून विचारलं, काही मेलंय का. म्हटलं, नाही, मुरतंय.

वास झाकणाच्या फटीतून येतो, असा शोध लागला. झाकण घट्ट आवळलं, त्यावर टेप, टेपवर दोन विटा. सौ.ला फोन केला : पुढच्या रविवारी ये, वास गेल्यातच जमा आहे. ती म्हणाली, येते.

२३ मार्च
टाकीला पोट सुटलंय. प्लॅस्टिक नवीन आहे, सैलावत असेल. कागदावर झाकणाबद्दलही एक ओळ आहे. वाचली नाही. चांगल्या कामात शंका नको.

२४ मार्च
दुपारी सव्वातीनला झाकण उडालं. आतून कसला आवाज येतो म्हणून मी नेमका कान लावून उभा होतो. भिंत, खिडक्या, खिडकीआतला दिवाण, मास्तरांचे वाळत घातलेले कपडे, मी, सगळं माखलं. मास्तरांनी भिंतीपलीकडून फक्त कपडे मोजले. त्याचीच जास्त भीती वाटली.

२७ मार्च
तीन दिवस फिनाईलने धुतोय. आणि चमत्कार. वास साफ गेला. भिंतीला नाक लावून पाहिलं, काही नाही. मांजरंही निघून गेली. हा स्वतंत्र पुरावा.

२८ मार्च, रविवार
खिडकीतून सौ. दिसली. काखेत उशी. म्हणजे राहायलाच आली. इतका आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दारातच तिने पदर नाकाला लावला. तरी आत आली. उशी दिवाणावर ठेवली. मी म्हटलं, बघ, नावालाही वास नाही. ती स्वयंपाकघरात गेली. दुधाचं पातेलं उघडून विचारलं, हे कधीचं. मी म्हटलं, ताजं आहे, सकाळी याचाच चहा घेतला. तिने मला डोळे मिटायला सांगून काहीतरी नाकाशी धरलं. मी म्हटलं, साबण. डोळे उघडले तर फिनाईलची बाटली.

ती मोरीपाशी उभी राहून रडली. मग म्हणाली, अहो, डॉक्टरांना नाक दाखवा. आणि गेली.

उशी इथेच राहिली. मी लगेच फोन केला : विसरलीस, म्हणजे येणार आहेस. ती म्हणाली, विसरले नाही, उशीला वास लागला. राहू दे तुमच्याकडेच.

तिच्या उशीला केसांच्या तेलाचा वास असायचा. नाक खुपसून बघितलं. दोनदा बघितलं. कसलाच येत नाही.